मामा जिथं थांबायचा

परवा शिळफाट्याला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात सनई चालू होती, म्हणजे टेप चालू होती. कुणातरी मोठ्या वादकाची असणार. सूर असा ताणलेला, की टाचणी खुपसायलाही फट नाही. यजमानांनी कौतुकानं विचारलं, "वसंतराव, तुम्ही यातले जाणकार. कशी काय वाटते सनई?" मी म्हटलं, "छान. पण हा माणूस श्वास कधी घेतो?" यजमान हसले, मीही हसलो. पण पंगतीत जिलबी येईपर्यंत माझं लक्ष त्या टेपमधल्या माणसाच्या छातीकडेच. आता घेईल, आता घेईल, अशी वाट बघताना मी स्वतःच श्वास धरून बसलो आणि मठ्ठ्याचा घोट घशात अडकून असा ठसका लागला, की वधूपित्याला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं.

लग्नसराई आली की माझं हे असं होतं. वैशाख तापायला लागतो, कर्जतच्या अंगानं राब भाजल्याचा धूर येतो आणि माझ्या मनात एक उन्हाळा पुन्हा चालायला लागतो. पायीच चालतो तो. त्या काळी आम्हीही पायीच चालत होतो.

जाणकार हा शब्द यजमानांनी चुकीच्या माणसाला लावला होता. मी सूर धरणारा. सनईच्या ताफ्यात एकजण सनई वाजवतो, एकजण संबळ, आणि तिसरा सनईसारखंच एक नळकांडं तोंडाला लावून एकच सूर शेवटपर्यंत धरून बसतो. तो तिसरा मी. सनईवाला कुठंही हिंडून येवो, परत यायला त्याला घर लागतं, ते घर म्हणजे हा सूर. गालांत हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. बेडकाला हे जन्मतः जमतं, मला एक अख्खा पावसाळा लागला. मॅट्रिकनं मला पुन्हापुन्हा नाकारल्यावर धोंडूमामानं, म्हणजे आईच्या थोरल्या भावानं, माझ्या हातात ते नळकांडं ठेवलं आणि म्हणाला, "यात नापास व्हायला काय नाय. एकच उत्तर हाय." पुढं मी मोहोपाड्याला कारखान्यात लागलो, तेव्हा तिथल्या भोंग्याशी माझं चटकन जमलं. तोही माझ्यासारखाच एकसुरी.

ज्या उन्हाळ्याचं सांगतो आहे, तो मामाचा शेवटचा. त्याच्या छातीतला वारा सरत आला होता आणि त्याला तेवढा एक हंगाम पार पाडायचा होता. सनई कुणाच्या तरी हाती द्यायची होती, आणि देण्याजोगं म्हणून समोर फक्त मी होतो. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण मला ते ध्यानात नव्हतं.

मामाची छाती पिंपासारखी होती. उल्हास नदीच्या काठी आमच्या गावात म्हणायचे, धोंडूनं वेशीवर फुंकर घातली की वरात मांडवात पोचेपर्यंत दुसरी घालत नाही. यात अतिशयोक्ती होती, पण वेशीही तेव्हा जवळ होत्या. त्या साली निघायच्या सकाळी मात्र मामीनं दार अडवलं होतं. येसूमामी तशी फार बोलणारी बाई नव्हती.

"औंदा नका जाऊ."

"सुपाऱ्या घेतल्यात."

"परत करा की. सुपारीच हाय, जीव नाय."

मामानं सनईची पिशवी खांद्याला लावली.  मग मामी माझ्याकडे वळली. "वसंता, त्यांच्या मागनं नको चालू. बाजूनं चाल."

"बांधावर बाजूनं कसं चालणार, मामी? एकाला शेतात उतरायला लागंल."

"मग तू उतर."

मला वाटलं, मोठ्या माणसाशी कसं वागावं ते शिकवते आहे. मॅट्रिकपर्यंत पोचलेल्या माणसाला असलं शिकवतात म्हणून मी थोडा रुसलोही. आणि सबंध हंगामभर मामाच्या मागूनच चाललो. पाठीमागून माणसाचं तोंड दिसत नाही. पागोटं दिसतं, आणि ते तर नेहमीसारखंच दिसत होतं.

त्या वाटा अजून पायांना आठवतात. भातशेतं भेगाळलेली, भेगा अशा की गोमाची काठी त्यात कोपरभर जायची. गोमा आमचा संबळवाला, मामाच्या जोडीनं वाजवून म्हातारपणाकडे झुकलेला. कोपऱ्याकोपऱ्यात राब भाजलेले. पुढच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण, माती एकावर एक रचून पेटवायचं, आणि मागं उरायचे काळे चौकोन. लांबून बघितलं तर करड्या-पिवळ्या घोंगडीला कुणी चटके देत गेलंय असं वाटायचं. त्या वर्षी वारा पडला होता. धूर वर जायचाच नाही. बांधाच्या उंचीवर पसरून नुसता उभा राहायचा आणि आपण त्यातून चाललो की आपल्यामागं परत मिटायचा. मी मागं वळून बघायचो, तर आलो ती वाट नाहीशी झालेली.

गोमाला त्या साली फार काटे टोचायचे. जरा चाललो की हा मटकन बसायचा. "दादा, थांबा. काटा मोडलाय." मग मामाही बसायचा. मी उभा राहून दोघांची टिंगल करायचो. "गोमाकाका, एवढे काटे रानात तरी हायत का? का घरनं पिशवी भरून आणलीस?" गोमा तळपाय उलटा करून बघत राहायचा, वर न बघता. मामा लांब माथेरानच्या डोंगराकडे बोट करून म्हणायचा, "बघ रं वसंता, कसा दिसतोय." डोंगर धुरात मुळीच दिसत नसायचा. पण मी म्हणायचो, "झकास." त्यात सभ्यता होती असं मला वाटायचं.

इर्शाळगडाच्या पायथ्याच्या गावातलं लग्न. त्या दिवशी ते पहिल्यांदा घडलं. वरात वेशीतून आत येत होती. मामानं एक लांब सुरावट उचलली, चढत चढत नेली, आणि ऐन चढावर सोडून दिली. खाली माझा सूर एकटा उरला.

सूर धरणाऱ्यावर कधी कुणाचं लक्ष नसतं. आमचा सूर ऐकू येतो, पण कुणी ऐकत नाही. त्या क्षणी मात्र अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घ्यावं तसं मला झालं. माझा तो बेडकाचा सूर उघड्यावर पडला आणि वरातीतली माणसं एकदम माना वर करून बघायला लागली, जणू त्यांना कुणी हाक मारली होती. नवऱ्याचा घोडा थबकला. एका बाईनं कडेवरचं पोर घट्ट धरलं. त्या फटीतून लांबवर पेटलेल्या राबाचं तडतडणं ऐकू आलं, आणि त्याच्याही खाली आणखी काहीतरी, ओलं, घासल्यासारखं, फार जवळचं. मग मामानं सुरावट पुन्हा उचलली, जिथं टाकली होती तिथूनच, आणि सगळी वरात सुटल्यासारखी पुढं निघाली.

मला ते अफाट आवडलं. इतकी वर्षं जो माणूस भिंतीसारखी सलग सनई वाजवत होता, त्यानं उतारवयात भिंतीला खिडकी पाडली! जेवताना गावचे पाटील म्हणाले, "बुवा, मधी सूर तुटला का वो?" मामा काही बोलायच्या आत मीच सरसावलो. "तुटला नाय पाटील, तोडला. नवीन ढंग हाय. पुण्याकडचा. बडे बडे उस्ताद आता असंच वाजवतात." पुणं मी तोवर घाटाच्या पायथ्यावरून मनातल्या मनात बघितलेलं. पाटलांनी मान डोलावली. "तरीच. अंगावर काटा आला."

मामानं माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाला, "लई बोलतोस रं तू." एवढंच. आणि भाताचा घास तसाच ठेवून पाणी प्याला.

आमच्याआधी बातमी पोचायला लागली. पुढच्या गावात, त्याच्या पुढच्या पाड्यावर, लोक आपणहून म्हणायचे, "ते थांबून थांबून वाजवता, ते वाजवा." थांबण्याच्या जागा वाढत गेल्या. आधी चढावर, मग उतारावरही, मग सपाटीवर. मी प्रत्येक जागेला नाव ठेवलं होतं, पाठ केली होती. मागून चालताना मनातल्या मनात ती सुरावट वाजवायचो आणि बरोबर तिथं तिथं थांबायचो. अंगठ्यानं मांडीवर खूण करायचो, चुकायला नको म्हणून. इतक्या मनापासून मी भूगोलाचाही अभ्यास केला नव्हता.

त्याच सुमारास मामा पान खायला लागला. सनईवाला हंगामात पान खात नाही, सनईच्या तोंडाशी असते त्या पत्तीवर रस गेला की ती फुगते, तिचा आवाज चिरकतो. मला तर मामानं सुपारीचं खांडही तोंडात टाकू दिलं नव्हतं. आणि आता हा स्वतः चंची जवळ बाळगायला लागला, वाटेत बांधाच्या पलीकडे जाऊन लाल पिचकारी टाकून यायला लागला. "काय मामा, नाव झालं तसा शौकही लागला?" मी म्हटलं. मामा हसला. "शौकीन झालो रं बाबा." गोमा त्या वेळी संबळाच्या दोऱ्या आवळत होता. त्या आधीच आवळलेल्या होत्या.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या उन्हाळ्यानं माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं. मोठ्यानं, तोंडावर सांगितलं होतं. मी प्रत्येक गोष्टीला टाळी देत गेलो. बायको म्हणते, मला एक वाईट खोड आहे, घरी पाहुणा आला की त्याचं बोलणं ऐकायचं सोडून मी त्याचा श्वास ऐकत बसतो. खरं आहे. एका व्याह्यांना तर मी "डॉक्टरकडे जाऊन या" असं भर बैठकीत सांगितलं होतं. ते नुसते जिना चढून आले होते.

मोहोपाड्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या नातीचं लग्न होतं. सगळे त्याला आबा म्हणायचे. त्या बाजूला जमिनींची मापं चालली होती, कारखाने येणार म्हणून. आबाच्या शेतातून चुना लावलेल्या दगडांची रांग गेली होती आणि मांडवाचा एक खांब बरोबर त्या रांगेत उभा होता. "औंदाच सगळ्यांची उरकून घेतो," आबा म्हणाला. "धाकटी लहान हाय, पण उरकतो. फुडल्या सालाला मांडव घालायला अंगण कुठं असंल, कुणाला ठावं." मग मामाजवळ सरकून हळूच म्हणाला, "बुवा, ते मधी थांबता ना, तिथं माझ्या पोटात खड्डा पडतो. पुन्यांदा करा की."

"करायला नाय लागत, आबा," मामा म्हणाला. "होतंच."

केवढा विनय! मी ते वाक्य पुढच्या दोन गावांत जसंच्या तसं सांगितलं.

वाटेत आंब्याखाली टेकलो की मामा सनई माझ्यापुढं करायचा. "तोंड लाव."

"मला सूर बरा, मामा."

"सूर धरायला कुणी पण मिळंल. तोंड लाव म्हनतो ना."

मी कसाबसा सा आणि रे काढायचो, मग पत्ती टोचते म्हणायचो, भूक लागली म्हणायचो. मामा रागवायचा नाही, हेच नवल होतं. आधी तो मला काठीनं हाणायचा. आता नुसता सनई परत घेऊन फडक्यानं पुसायचा, पुसतच राहायचा. एकदा म्हणाला, "माझ्यामागं ही खुंटीला लटकंल." मी म्हटलं, "तुमच्यामागं? तुम्ही आम्हाला पोचवून जाल." गोमा उठून लांब जाऊन बसला. त्याला पुन्हा काटा टोचला असणार असं मला वाटलं.

हंगामातली शेवटची सुपारी चौक गावाच्या बाजूची होती. गोरज मुहूर्त. दिवसभर माथेरानवर ढग चढत होते, काळेनिळे, पोटात गुरगुरणारे, पण थेंब पडत नव्हता. मांडवाची झालर हलत नव्हती. मामानं त्या दिवशी अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि पान लावलं नव्हतं. बसताना त्यानं गोमाचा खांदा धरला.

लग्नातला वाजंत्र्याचा खरा क्षण एकच. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो, भटजी ओरडतात "वाजवा रे वाजवा", आणि त्याच पळाला सनई उठली पाहिजे. ती उठली नाही तर अक्षता पडूनही लग्न लागल्यासारखं वाटत नाही. बायका मग वर्षानुवर्षं बोलतात. सून आजारी पडली तरी तेच, म्हैस आटली तरी तेच.

अंतरपाट दूर झाला. "वाजवा रे वाजवा!" गोमाचा संबळ कडाडला. मी सूर दिला. सनई उठली नाही.

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, वा रे पठ्ठे! सुरुवातीलाच थांबला! आजवर असं धाडस कुणी केलं नसेल. मी गाल फुगवून सूर आणखी पक्का धरला, खांब रोवावा तसा. गोमाचा संबळ अडखळला आणि बंद पडला. मांडवात माझा एकट्याचा सूर. अक्षतांच्या मुठी वर उचललेल्या तशाच. कुणी खोकलंसुद्धा नाही. ढग गुरगुरला. मी आत कुठंतरी सुखानं थरथरत होतो, आणि मामाची ती सुरावट आता येईल, आता येईल म्हणून वाट बघत होतो.

मग माझ्या मांडीवर काहीतरी टेकलं. डोळे उघडले तर सनई होती. मामानं उपरण्याचं टोक तोंडाशी दाबून धरलं होतं आणि ते टोक लाल होत चाललं होतं. पान तर त्यानं खाल्लं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, पलीकडच्या काठावरून बघावं तसा.  हनुवटीनं सनईकडे खूण केली.

"वाजव की रं!" गोमा दातांतून म्हणाला.

मी सूर टाकला आणि सनई तोंडाला लावली. कशी कोण जाणे, सुरावट निघाली. सबंध हंगाम मागून चालत पाठ केलेली, त्या सगळ्या थांबण्यांसकट. चढावर थांबलो, उतारावर थांबलो, सपाटीवरही थांबलो. अक्षता पडल्या. नवरीची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली, रडायचंच होतं तिला. मागून कुणीतरी म्हणालं, "धोंडूबुवांनी भाचा तयार केला बगा."

चौकवरून एका ट्रकवाल्यानं आम्हाला कर्जतपर्यंत आणलं. पूर्ण हंगामात पहिल्यांदाच आम्ही चाललो नाही. मामा मागं पोत्यांवर पडून होता. उष्णता झाली, मी म्हटलं, या धुरानं कुणालाही होईल. आणि मग वाटभर मी गोमाला माझ्या सनईचं वर्णन ऐकवलं. कुठल्या जागेवर किती थांबलो, कुठं लोकांनी माना वर केल्या. गोमा शेवटी म्हणाला, "गप बस रं जरा." त्याला माझा हेवा वाटला असं समजून मी त्याला मोठ्या मनानं माफ केलं.

नंतरच्या दिवसांत घरोघर पावसाआधी छपरं शेकारायची, नवा पेंढा घालायची घाई होती. मामाला पडवीत पेंढ्याच्या भाऱ्याला टेकवून बसवलं होतं. तो फारच थोडा उरला होता. पिंपासारखी छाती आता पिंजऱ्यासारखी दिसत होती, श्वास आत जाताना शिट्टी वाजायची, बाहेर येताना दुसरी. मामी जवळच सुपात तांदूळ निवडत बसली होती. गोमा सहज म्हणून आला होता आणि सहज म्हणून संबळही घेऊन आला होता.

"वसंता," मामा म्हणाला, "त्या दिशीचं वाजव. माझं कानच बसलं होतं तवा. धड ऐकलं नाय."

मी हरखलो. नीट मांडी घालून बसलो, पत्ती ओली केली आणि सुरावट उचलली. चढत नेली. ऐन चढावर, अगदी त्याच्यासारखी, सोडून दिली.  मी डोळ्याच्या कोपऱ्यातून मामाकडे बघितलं. त्याच्या तोंडावर दाद असेल असं मला वाटलं होतं.

"काय झालं?" मामानं विचारलं.

"कुठं काय?"

"थांबलास का?"

"तिथं थांबायचं असतं ना, मामा. तुमची जागा."

 मामीचा सुपातला हात थांबला. गोमानं मान खाली घातली. मग मामाला हसू आलं, त्या हसण्याचा खोकला झाला, आणि तो ओसरेपर्यंत मामी त्याची पाठ चोळत राहिली.

"येड्या," तो म्हणाला, "तिथं माझा दम सरत होता. तू कशाला थांबतोस? तुझी छाती चांगली हाय की."

सबंध उन्हाळा, सगळी गावं, सगळ्या जागा एकापाठोपाठ एक माझ्यासमोरून गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी मी टाळी वाजवत उभा होतो. मला उठून कुठंतरी पळून जायचं होतं. पण मामानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. हाताला वजन नव्हतं, तरी उठता येईना.

"आता सलग वाजव," तो म्हणाला. "मी वाजवायचो तशी."

मी सुरुवात केली. चढ आला. अंगठा सनईखाली खुणेसाठी हलला, तो मी तिथंच दाबून धरला, नाकानं श्वास घेतला आणि पुढं गेलो. उतार आला, पुढं गेलो. गोमा संबळ वाजवायचं विसरून गेला होता. छाती फुटेल असं वाटत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मी वाजवत राहिलो, सुरावट संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून धरली. थांबलो असतो तर मामाचा श्वास ऐकू आला असता. आणि तो मला ऐकायचा नव्हता.